जिओकॅशिंग : पुण्यात पहिला डबा शोधायला निघण्यापूर्वी

ज्या कातळाला टेकून मी कित्येक वर्षे रोज सकाळी पाणी पीत आले, त्याच्याच पाठीमागच्या फटीत कोणीतरी बोटभर उंचीची एक डबी ठेवली होती आणि तिच्यातल्या कागदाच्या गुंडाळीवर तीन वेगवेगळ्या देशांतल्या माणसांनी सह्या केल्या होत्या. पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका टेकडीवर हे मला समजले, त्या दिवसापासून मी आणि माझा भाचा जिओकॅशिंग करतो. टेकडीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण डब्याची जागा उघड न करणे हा या छंदाचा पहिला शिष्टाचार आहे. सुरुवातीच्या महिन्यांत आम्ही बऱ्याच चुका केल्या. त्यांपैकी काही केवळ वेळखाऊ होत्या, पण दोन-तीन खरोखरच धोक्याच्या होत्या. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना त्या टाळता याव्यात, म्हणून हे टप्पे सविस्तर लिहीत आहे.

खेळाचे स्वरूप साधे आहे. कोणीतरी एक डबा लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो, आणि इतरांनी उपग्रहांच्या मदतीने तिथपर्यंत पोहोचून डबा शोधायचा, आतल्या नोंदवहीत सही करायची आणि तो होता तसा परत ठेवायचा. या डब्यालाच ‘कॅश’ म्हणतात. रोख रकमेशी त्याचा संबंध नाही. अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळत असलेली चूक २ मे २००० रोजी बंद झाली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. ती बादली जमिनीत अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यात घेवड्याच्या दाण्यांचा एक डबाही होता. आज जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमिनीत पुरण्यास आणि खाद्यपदार्थ ठेवण्यास मनाई आहे.

१. खाते उघडा आणि डब्याची माहिती पूर्ण वाचा

जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाइल अ‍ॅपवर खाते उघडता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. काही डबे मात्र सशुल्क सभासदांनाच दिसतात. सुरुवातीला त्यांच्यावाचून काही अडत नाही, त्यामुळे पहिले काही महिने पैसे भरू नयेत, असे माझे मत आहे. सभासदनाम घेताना पूर्ण नाव, जन्मवर्ष किंवा राहण्याचे ठिकाण त्यात येऊ देऊ नका, कारण तुम्ही कोणत्या दिवशी कोठे होतात हे तुमच्या नोंदींवरून कोणालाही वाचता येते. मुलांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी.

नकाशावरच्या चिन्हाला स्पर्श केला की डब्याचे पान उघडते. त्यावर शोधाची काठिण्यपातळी आणि जागेची दुर्गमता १ ते ५ अशा अर्ध्या-अर्ध्या गुणांच्या दोन मोजपट्ट्यांवर दिलेली असते. दुर्गमता १ म्हणजे चाकाच्या खुर्चीवरूनही जाता येईल अशी जागा. ५ म्हणजे दोर, होडी किंवा तत्सम साधनांशिवाय पोहोचता न येणारी. आकाराचेही ठरलेले अर्थ आहेत: सूक्ष्म डबी १०० मिलिलिटरपेक्षा लहान असते, लहान डबा एक लिटरपर्यंत, मध्यम २० लिटरपर्यंत आणि त्याहून मोठा तो मोठा.

पानावरचा इशारा गुप्तलिपीत असतो. इंग्रजी वर्णमालेतले प्रत्येक अक्षर तेरा घरे पुढे सरकवून तो लिहिलेला असतो आणि अ‍ॅपमध्ये एका स्पर्शाने उलगडतो. सर्वांत उपयोगी माहिती मात्र आधीच्या लोकांच्या नोंदींत मिळते. शेवटच्या चार-पाच नोंदी ‘सापडला नाही’ अशा असतील, तर तो डबा बहुधा नाहीसा झालेला असतो. आमचे पहिले दोन रविवार अशाच एका डब्यामागे गेले, कारण नोंदी वाचायच्या असतात हेच आम्हाला माहीत नव्हते.

२. पहिला डबा सोपा निवडा

दोन्ही मोजपट्ट्यांवर २ किंवा त्याहून कमी गुण असलेला, ‘पारंपरिक’ प्रकारचा आणि शक्यतो सूक्ष्मपेक्षा मोठा डबा निवडा. पारंपरिक म्हणजे दिलेल्या ठिकाणीच डबा असतो. बहुटप्पी प्रकारात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणाचा पत्ता मिळतो आणि कोड्याच्या प्रकारात आधी कोडे सोडवावे लागते. अर्थकॅश (यातला ‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) हा आणखी एक प्रकार आहे. त्यात डबाच नसतो, तर त्या जागेच्या भूशास्त्राविषयीच्या प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष निरीक्षण करून पाठवायची असतात. आपला सगळा परिसर लाव्हाच्या थरांनी बनलेल्या दख्खनच्या पठारावर असल्यामुळे हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या घाटात कापलेल्या कड्याकडे त्या दृष्टीने एकदा पाहिले, की त्यातले थर पुढे आपोआप दिसू लागतात.

पुण्यात डब्यांची दाटी नाही. एकाच फेरीत पाच-सहा डबे होतील अशी अपेक्षा न ठेवता, फिरायला जाण्याचे निमित्त म्हणून एकच डबा ठरवून निघावे.

३. पिशवीत काय घ्यावे

- पूर्ण चार्ज केलेला मोबाइल आणि पॉवर बँक. डब्याचे पान आधीच ऑफलाइन जतन करून ठेवावे, कारण ताम्हिणीसारख्या भागात नेटवर्क मिळेलच असे नाही.
- स्वतःचे पेन आणि एक शिसपेन्सिल. ओलसर कागदावर पेन उमटत नाही, पेन्सिल उमटते.
- छोटा टॉर्च, लहान चिमटा आणि जाड हातमोजे.
- हातभर लांबीची काठी. हिचा उपयोग आठव्या टप्प्यात सांगितला आहे.
- झिप असलेली एक-दोन कोरडी प्लॅस्टिकची पिशवी आणि नोंदवहीसाठी कोऱ्या कागदाची पट्टी.
- सरकारी ओळखपत्र. ते मोबाइलमध्ये असले, तरी मूळ प्रत किंवा छायाप्रत जवळ असावी.
- पाणी, टोपी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी.

हातात धरायचे जीपीएस यंत्र सुरुवातीला विकत घेण्याची गरज नाही, मोबाइल पुरतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारी साधने आणि सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगण्यास भारतात बंदी आहे. परदेशातून येणारा एखादा नातेवाईक भेट म्हणून असे साधन आणणार असेल, तर त्याला आधीच सांगून ठेवावे.

४. अक्षांश-रेखांश नेमके भरा

या खेळात अक्षांश-रेखांश अंश आणि दशांश मिनिटांत लिहिले जातात, उदाहरणार्थ उत्तर १८° ३१.२५०'. आपल्या नेहमीच्या नकाशा अ‍ॅपमध्ये मात्र ते बहुधा दशांश अंशांत दिसतात. ३१.२५० मिनिटांना ६० ने भागले की ०.५२०८ येते, म्हणून वरचा आकडा १८.५२०८ असा होतो. घाईत कोणी तो १८.३१२५ असा भरला, तर तो मूळ जागेपासून सुमारे २३ किलोमीटर दक्षिणेला जातो; म्हणजे डबा पुणे शहराच्या मध्यात असायचा आणि हा माणूस शहर मागे टाकून कुठल्या तरी शेताच्या बांधावर उभा असायचा. आकडे हाताने भरण्याऐवजी अ‍ॅपमधूनच दिशादर्शन सुरू करणे हा यावरचा सोपा उपाय आहे, पण बहुटप्पी डब्यात आकडे हाताने भरावेच लागतात, म्हणून हे गणित समजलेले असावे.

गाडीचा रस्ता दाखवणाऱ्या अ‍ॅपवर अखेरपर्यंत विसंबू नये. ते नेहमी जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंत नेते आणि तो रस्ता अनेकदा टेकडीच्या चुकीच्या बाजूला असतो. उभा उतार चढून जाण्याचा मोह झाला, तर थांबून पायवाट शोधावी. डबा ठेवणारा माणूस बहुतेक वेळा पायवाटेनेच गेलेला असतो.

५. शेवटचे दहा मीटर

मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. झाडीत, कड्याखाली किंवा पेठांतल्या उंच इमारतींमधल्या बोळांत ती बरीच वाढते, कारण उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो. डबा लपवणाऱ्याच्या मोबाइललाही तेवढीच चूक असते. त्यामुळे बाण शून्य मीटर दाखवू लागला की यंत्र खिशात टाकावे आणि डोळ्यांनी शोधायला सुरुवात करावी. बसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या आपल्याकडच्या काळ्या खडकात, मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. मोबाइल खडकाला लावून धरला, तर त्याच्या होकायंत्रावर परिणाम होऊ शकतो.

शोधताना ‘येथे मी डबा लपवला असता, तर कोठे?’ असा विचार करावा. निसर्गात सहसा न आढळणारी मांडणी शोधावी, उदाहरणार्थ एकाच मापाचे तीन दगड ओळीने ठेवलेले, किंवा सुकलेल्या गवताची एकच जुडी बाजूच्या गवतापेक्षा वेगळ्या दिशेला वळलेली. मी ज्या डबीचा सुरुवातीला उल्लेख केला, तिच्यापुढचा दगड इतर दगडांसारखाच काळा होता, पण त्याच्यावर बाकीच्या दगडांवर असलेले करडे दगडफूल नव्हते. भाच्याने तेवढ्यावरून तो ओळखला.

येथे एक कडक नियम पाळावा: काहीही उचकटू नये, खणू नये, फांदी मोडू नये. डबा तसा लपवलेलाच नसतो. किल्ल्यावर असाल, तर तटबंदीचा किंवा पायरीचा एकही दगड हलवायचा नाही. लोहगड, शिवनेरी आणि राजगड हे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आहेत. पण यादीत नाव नसलेल्या किल्ल्याच्या दगडालाही हाच नियम लागू आहे. एक सैल चिरा निघाला की पुढच्या पावसाळ्यात त्याच्या वरचे चार ढासळतात.

वीस मिनिटांत डबा मिळाला नाही, तर परत फिरावे. त्यानंतर माणूस चिडून दगड उलथू लागतो आणि जागेची नासधूस होते.

६. आसपासच्या माणसांशी कसे वागावे

जगभरचे खेळाडू अनोळखी लोकांच्या नकळत शोध घेण्याची सवय लावून घेतात, कारण डबा कोणी पाहिला की तो नाहीसा होण्याची शक्यता असते. खेळ न खेळणाऱ्यांना या मंडळींत ‘मगल’ म्हणतात. पण ही लपवाछपवी पुण्यात विचारपूर्वक करावी लागते. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कात एका बेवारस पिशवीत स्फोट झाला आणि १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर स्फोटांची मालिका झाली. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत, त्यांना कठड्याखाली हात घालून चाचपणारा माणूस दिसला, तर भीती वाटणे रास्त आहे.

एका गृहसंकुलाच्या कुंपणाबाहेरच्या पदपथावर मी असाच एक डबा शोधत होते. सुरक्षारक्षक जवळ आले आणि त्यांनी विचारले, ‘‘ताई, काय हरवलंय?’’ मी गोंधळून ‘‘काही नाही, सहजच’’ असे म्हणाले आणि त्या एका उत्तराने सगळे बिघडले. ते दादा काही चुकीचे वागले नव्हते. सहजच कोणी कुंपणाचा खांब चाचपत नाही. त्यांनी व्यवस्थापकांना बोलावले, चार माणसे जमली आणि ओळखपत्र दाखवून, अ‍ॅप उघडून सगळे समजावण्यात माझा पाऊण तास गेला. शेवटी रक्षकदादांनीच डबी शोधून दिली आणि ‘‘पुढच्या वेळी आधी सांगा, मी उभा राहतो इथं,’’ असे ते म्हणाले.

तेव्हापासून मी उलट क्रम पाळते. जवळ रक्षक, दुकानदार, शेतकरी किंवा गुराखी असेल, तर शोध सुरू करण्याआधीच नमस्कार करून एका वाक्यात सांगते: ‘‘आमचा एक खेळ आहे, मोबाइलवर जागा दिलेली असते, तिथे छोटी डबी शोधून सही करायची असते.’’ सोबत अ‍ॅपचे पान दाखवते. आजवर कोणीही नकार दिलेला नाही. पण कोणी नकार दिलाच, तर वाद न घालता निघून जावे. पोलिसांनी विचारणा केली, तर हात मोकळे ठेवून खरे तेच सांगावे.

जिथे शोध घेऊच नये, अशा जागाही येथे सांगते. पुण्यात लष्कराचा आणि संरक्षण संस्थांचा परिसर फार मोठा आहे: कॅम्प, खडकी, दिघी, लोहगाव, पाषाणचा काही भाग, खडकवासल्याची प्रबोधिनी. ‘प्रतिबंधित क्षेत्र’ असा फलक दिसला की नकाशा काहीही म्हणो, तेथून मागे फिरावे आणि छायाचित्रही काढू नये. रेल्वेमार्ग, शाळांची आवारे आणि धरणांच्या भिंती यांनाही हेच लागू आहे. मंदिराच्या परिसरात चपला काढून, दर्शनाला आलेल्या लोकांचा अडथळा न होता जे करता येईल तेवढेच करावे.

७. डबा सापडल्यानंतर

डबा हातात घेण्याआधी तो नेमका कसा ठेवलेला होता, त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्या. परत ठेवताना ते उपयोगी पडते. तो चार पावले बाजूला नेऊन उघडा. नोंदवहीत तारीख आणि सभासदनाम लिहा. सही असेल तरच शोध पूर्ण मानला जातो.

मोठ्या डब्यात छोट्या वस्तू असतात आणि त्यांची अदलाबदल करता येते. तुम्ही जी वस्तू घ्याल, तिच्या तोडीची किंवा तिच्याहून चांगली वस्तू ठेवा, नाहीतर काहीच घेऊ नका. खाऊ, औषधे, फटाके, काडेपेटी, चाकू यांपैकी काहीही ठेवायचे नाही. खाऊच्या वासाने मुंग्या येतात आणि माकडे डबा फोडतात. क्रमांक कोरलेली धातूची पट्टी जोडलेली वस्तू दिसली, तर ती ‘ट्रॅव्हल बग’ आहे, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणारी वस्तू. पुढच्या डब्यात लवकर नेऊन ठेवणार असाल तरच ती घ्यावी आणि तिचा क्रमांक छायाचित्रातून जाहीर करू नये.

झाकण घट्ट लागल्याची खात्री करून डबा मूळ जागी, मूळ खोलीवर, तसाच झाकून ठेवा. ‘यापेक्षा चांगली जागा’ तुम्हाला सुचली, तरीही तो हलवू नका.

८. डोंगरातले धोके

पहिला आणि कायमचा नियम: जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे हात घालायचा नाही. आपल्या टेकड्यांवर नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप आढळतात आणि फुरसे तर दगडाखालच्या सावलीतच बसलेले असते. आधी टॉर्च मारून पाहावे, मग काठीने हळूच चाचपावे, मगच हात घालावा. दगड उचलायचा असेल, तर पलीकडची कड आपल्याकडे ओढून उचलावा, म्हणजे उघडणारी बाजू आपल्या पायांपासून दूर राहते. एकदा दगडाच्या फटीत काठी घातल्याबरोबर कुकरची शिट्टी दूर कोठेतरी वाजावी तसा लांबलचक फुस्स आवाज आला. ती घोणस होती. त्या फटीत काठीऐवजी भाच्याचा हात जाणार होता, हे आठवले की अजूनही माझा जीव खालीवर होतो.

दंश झालाच, तर जखम कापू नये, चोखू नये, आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव फळीसारख्या आधाराने स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि १०८ किंवा ११२ वर फोन करून प्रतिविष उपलब्ध असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नये.

कड्यांवर आणि किल्ल्यांच्या बुरुजांखाली आग्या मोहोळ असते. डबा शोधायला निघताना अत्तर लावू नये, मोहोळाजवळ गोंगाट किंवा धूर करू नये. माश्या उठल्याच, तर हात न झटकता चेहरा ओढणीने किंवा शर्टाने झाकून लांब जावे. फक्त कड्याच्या दिशेने धावू नये.

बाकीचे धोके ऋतूंनुसार बदलतात. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते, ओढ्याचे पाणी वर डोंगरात पडलेल्या पावसाने अचानक वाढते आणि विजा चमकत असताना उघड्या सोंडेवर थांबणे जिवावर बेतू शकते. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावरचे डबे सोडून द्यावेत, हे माझे स्पष्ट मत आहे. पावसाळा सरल्यावर खाजकुइलीच्या शेंगा वाळतात. त्यांची मखमली लव कातडीला लागली की असह्य खाज सुटते, म्हणून वेलीला लटकलेल्या तपकिरी केसाळ शेंगांपासून दूर राहावे. फेब्रुवारीपासून गवत वाळते आणि वणवे लागतात. मार्च ते मे या काळात सकाळी दहाच्या आत खाली उतरलेले बरे. थंडीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, हे दुपारी निघताना लक्षात येत नाही.

टेकड्यांवर अंधार पडल्यावर लूटमारीचे प्रकार घडलेले आहेत. एकट्याने जाऊ नये, दागिने घालू नयेत आणि कोठे जात आहोत, किती वाजता परतणार, हे घरी सांगून ठेवावे. फुटलेल्या बाटल्यांच्या काचा आडोशाच्या जागी हमखास असतात, हातमोजे त्यासाठीच आहेत. भटके कुत्रे चावले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लसीसाठी रुग्णालयात जावे.

९. नोंद लिहा, न सापडल्याचीही

घरी आल्यावर अ‍ॅपमध्ये दोन-चार वाक्यांची नोंद लिहावी. त्यातून जागेचा सुगावा लागता कामा नये. डबा मिळाला नसेल, तर ‘सापडला नाही’ ही नोंद संकोच न करता करावी, कारण त्यावरूनच डबा ठेवणाऱ्या मालकाला तो तपासायची वेळ आली आहे हे कळते. नोंदवही भिजली असेल किंवा झाकण फुटले असेल, तर तसे कळवावे. आपल्याजवळची कोरी पट्टी आत ठेवली तर उत्तमच. मालकाला न विचारता नवा डबा मात्र ठेवू नये. जुना तिथेच असला, तर एका जागी दोन डबे होतात आणि पुढच्यांचा गोंधळ उडतो.

१०. स्वतःचा डबा लपवायचा असेल तर

किमान वीस-पंचवीस डबे शोधल्याशिवाय हा विचार करू नये. नियम असा, की दुसऱ्या कोणत्याही प्रत्यक्ष डब्यापासून तुमचा डबा किमान १६१ मीटर लांब असावा, तो स्पष्ट परवानगीशिवाय पुरलेला नसावा, झाडाला खिळा ठोकलेला नसावा आणि जागामालकाची परवानगी असावी. स्वयंसेवक परीक्षक हे तपासून मगच डबा प्रकाशित करतात. त्यासाठी पुढील गोष्टी तयार ठेवाव्यात: जागामालकाची लेखी परवानगी, वेगवेगळ्या दिवशी त्याच जागी घेतलेले तीन-चार अक्षांश-रेखांश आणि त्यांची सरासरी, जागेची छायाचित्रे, आणि आतून कोरडा राहणारा, रबरी कड असलेला डबा. डबा शक्यतो पारदर्शक घ्यावा आणि त्यावर बाहेरून मराठीत व इंग्रजीत ‘जिओकॅशिंग खेळाचा डबा, धोकादायक नाही’ असे ठळक लिहावे. संरक्षित स्मारके, वनखात्याची राखीव जमीन आणि गर्दीचे चौक वगळावेत.

जागा घरापासून इतकी जवळ असावी, की महिन्यातून एकदा फेरी मारता येईल. गावाला गेल्यावर हौसेने ठेवलेल्या आणि मागे कोणी नसलेल्या डब्यांना परीक्षक मंजुरी देत नाहीत. जागा निश्चित झाली की लगेच अर्ज करू नका. जूनच्या सुरुवातीला रिकामा डबा आत एक कोरा कागद घालून जागामालकाच्या संमतीने तिथे ठेवा आणि गणपती झाल्यावर उघडून पाहा. आमचा पहिला कागद सप्टेंबरात लगदा होऊन निघाला, दुसऱ्या वर्षी झाकण बदलून ठेवलेला कोरडा निघाला, आणि त्यानंतरच आम्ही अर्ज भरला.